गल्लीतली चित्तीण

सोमवार, ३ नोव्हेंबर १९१३

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. आज वर्ग सुटल्यावर प्रोफेसरसाहेबांनी आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि कोडोलीच्या ज्ञानूला, थांबवून घेतलं. दरबार एका विद्यार्थ्याला उत्तरेत डेहराडूनला पाठवणार आहे. तिथं जंगलाचं मोठं कॉलेज आहे. झाडं, रानातली जनावरं, नदीतले मासे कसे राखायचे, संपू कसे द्यायचे नाहीत, ते शिकवतात म्हणे. जागा एक. आम्ही दोघं. परीक्षा लेखी नाही. प्रत्येकानं एक प्राणी निवडायचा, महिनाअखेरपर्यंत रोज पाहायचा, आणि मग बाहेरून येणारे जंगलखात्याचे साहेब त्या प्राण्यासमोरच उभं करून विचारतील त्याची उत्तरं द्यायची. पाठांतर चालणार नाही, असं सर नेमकं माझ्याकडे बघून म्हणाले.

ज्ञानू तयारीतच होता. म्हणाला, वारणेच्या डोहातले मासे. माझ्या डोक्यात काही येईना, म्हणून तोंडात आलं ते बोलून गेलो, चित्ता. सर खूश झाले. माझे वडील दरबारच्या चित्तेखान्यात चित्तेवान आहेत, हे सगळ्या कॉलेजाला ठाऊक आहे. मला चित्त्याची भीती वाटते, हे मात्र कुणाला ठाऊक नाही. अब्बांनाही नाही. त्यांना वाटतं मी अभ्यासामुळं चित्तेखान्यात येत नाही.

ही जागा गेली तर पुढचं ठरलेलंच आहे. शिकारखान्याचे अंमलदार सयाजीराव यांच्याकडे अब्बांनी शब्द टाकून ठेवलाय, पोरगा पाडव्यापासून दोरी धरेल. म्हणजे जन्मभर मी एका टोकाला आणि ते जनावर दुसऱ्या टोकाला.

घरात आम्ही आमची दखनी बोलतो. वही मराठीत लिहितोय ती साहेबांसमोर जीभ अडखळू नये म्हणून. आत्ताच अडखळतेय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अब्बा आले. दसऱ्याआधी पारध्यांना घेऊन विजापूरकडच्या माळावर गेले होते. दरवेळी तीन-चार जनावरं आणतात आणि मंगळवार पेठेत गाडी शिरली की गल्लीच्या तोंडापासूनच अम्माला हाका मारत येतात. आज गाडी मुकाट्यानं आली. आत एकच चित्तीण, डोळ्यांवर चामड्याची टोपी, कमरेला आणि गळ्याला पट्टे. बाकीची कुठं म्हणून विचारलं, तर "माळ रिकामा झालाय," एवढंच बोलले आणि पाय धुवायला गेले.

चित्ते कसे धरतात ते मला तोंडपाठ आहे. माळावर त्यांची ठरलेली झाडं असतात. बुंध्यावर नखं घासायला ते तिथं येतात. पारधी त्या झाडाभोवती आतड्याच्या चिवट तातीचे फास मांडतात. पिल्लू धरून उपयोग नाही. आईनं शिकार शिकवली नसेल, तर माणूस काय शिकवणार? म्हणून मोठंच जनावर धरायचं. तोंडपाठ असण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण ते चालणार नाही म्हणतात.

अम्मानं आज मुद्दाम मटण केलं होतं. अब्बांनी ताटातले तुकडे बाजूला सारले आणि नुसत्या रश्शाशी भाकरी खाल्ली. विजापूरकडचं पाणी त्यांना बाधलेलं दिसतंय.

शनिवार, ८ नोव्हेंबर

नव्या जनावराला माणसाळवायची आमची रीत बाहेरच्यांना हसू आणते. माळावर त्यानं वाऱ्याखेरीज काही ऐकलेलं नसतं. म्हणून त्याला भर गल्लीत, लिंबाखाली, बाजेवर बांधून ठेवायचं आणि भोवती बायका बसवायच्या. बायकांचं काम एकच, सकाळपासून दिवे लागेपर्यंत बोलायचं. जेवढी भांडखोर बाई तेवढी चांगली. तिच्या आवाजाला सरावलेलं जनावर पुढं घोडे, हत्ती, ताशे कशालाच बिचकत नाही. दरबारातून त्यांना शिधा मिळतो. दिवसभर भांडून शिधा मिळतो म्हटल्यावर मंगळवार पेठेत माणसांची काय वाण?

बायडाबाई भाजी विकतात. त्यांचा आवाज मंडईतून जोतिबापर्यंत जाईल. त्यांच्यासमोर त्यांची जाऊ झुंबरबाई. या दोघींचं आजवर कशावरही जमलेलं नाही. काल दिवसभर त्यांनी कुठल्याशा जुन्या लग्नातल्या जेवणाचा निकाल लावला, कुणाला वाढलं, कुणाला नाही. मध्ये बाजेवर चित्तीण, टोपी घालून, पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून.

परीक्षेला मी हीच धरली, चित्तेखान्यात जायला नको; आमच्या कट्ट्यावरून पाहणी केली. अंतर बरंच होतं. अब्बा म्हणाले, लांबून तुला काय दिसतंय? म्हटलं, सर्वसाधारण रूप.

एक गोष्ट लिहून ठेवतो. दुपारी बायका भाकरी खायला थांबल्या तेव्हा लिंबावर कुठला तरी पक्षी ओरडत होता. बारीक, तुटक. मी कितीतरी वेळ वर पाहत राहिलो. मग कळलं, पक्षी नव्हे, चित्तीणच ओरडते. एवढं मोठं जनावर आणि चिमणीचा आवाज! थोडं ओरडायची, मान उचलून ऐकायची, पुन्हा ओरडायची. कारण समजलं नाही. साहेबांना सांगायला बरं आहे.

मटणाला तिनं तोंड लावलेलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सरावासाठी घरातलं मांजर पाहायला घेतलंय. कूळ एकच, आणि हे नखं काढत नाही. मनी कणगीमागच्या टोपलीत व्यायली आहे. निरीक्षण असं, तिच्या पोटाला हात लावला की पिल्लंच आली असं समजून ती मागचा पाय उचलते आणि जागा करून देते. पिल्लं दुसरीकडे झोपलेली असली तरी. हे मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी अम्मा म्हणाली, बाळंतिणीचा छळ करू नकोस.

चित्तीण आज कुशीवर निजली तेव्हा तिच्या पोटाची लव ओली आणि चिकटलेली दिसली. मधून मधून लाल सुजल्यासारखं. धीर करून चार पावलं पुढं गेलो. गाडीत दोरीनं घासलं असणार. अब्बांना विचारलं, तर ते टोपीची वादी बांधत होते, मान वर न करता म्हणाले, "दोरीनंच." मग हळद लावू का म्हणून विचारलं, तर लाव म्हणाले. लावायला मात्र मी धजलो नाही. हळद वाटून वाटीत तशीच राहिली. अब्बांनीच ती सांजच्याला लावली. तोंड दुसरीकडे करून लावत होते. त्यांनाही आता जखमा पाहवत नाहीत वाटतं. वय झालं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

माझा महिना फुकट जाणार. जनावर खात नाही, उठत नाही, आणि आता बायकाही कामचुकारपणा करायला लागल्यात. कालपासून दोघी जावा भांडत नाहीत! हळू बोलतात. बायडाबाई आपल्या थोरल्या मुलाच्या वेळच्या बाळंतपणाचं सांगत होत्या, आणि झुंबरबाई चक्क हं हं करत ऐकत होती. दुपारी तर बायडाबाई पाळणा गुणगुणत होत्या, तोही अर्धा. चित्तीण पक्ष्यासारखी ओरडायला लागली की त्या पदर तोंडावर घेतात. असल्या कुजबुजीनं जनावर कसं माणसाळणार? साहेब आले की पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि मी काय सांगू? बायका दमल्या होत्या म्हणून?

अब्बांकडे तक्रार केली. "बसू दे त्यांना जशा बसतात तशा," म्हणाले. मी तर आता त्यांच्याकडेही कुणाची तक्रार घेऊन जाणार नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मीच उपाय केला. पलीकडच्या बोळातल्या विठाबाईला बोलावून आणलं. बायडाबाईशी तिचं वर्षानुवर्षं हाडवैर आहे. नळावर दोघींचं लागलं की लोक घागरी ठेवून बघत बसतात. सकाळी ती कमरेला पदर खोचूनच आली. आल्या आल्या सुरुवात झकास केली, बायडाबाईच्या माहेरापासून. मी कट्ट्यावर वही उघडून बसलो. मग ती बाजेच्या पलीकडच्या अंगाला गेली, जनावराकडे जरा वाकून पाहिलं, आणि बोलता बोलता थांबली. बायडाबाईकडे पाहिलं. बायडाबाईंनी मान हलवली. विठाबाई खाली बसली ती बसलीच. दिवसभर तिघी मिळून हळू आवाजात काय बोलत होत्या कुणास ठाऊक. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "बोलवायला तू आलतास व्हय रं?"

नशीबच खोटं. जिला भांडायला आणावी तीच गप्प बसते.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज ज्ञानू आला होता. कोडोलीहून चालत, पायांना चिखल तसाच. त्याचं सगळं मजेत चाललंय. डोहाच्या काठी पोटावर पडून राहतो आणि मासे बघतो. त्याच्या गावात एक रीत आहे, जाळ्यात अंडी धरलेली मासळी आली की पुन्हा पाण्यात सोडायची. त्याच्या आक्कानं लहानपणी त्याला त्यापायी एकदा बदडलं होतं. तेच तो साहेबांना सांगणार आहे. याच्याजवळ रीत आहे, आक्का आहे, डोह आहे, आणि माझ्याजवळ न खाणारी चित्तीण.

मग तो बाजेपाशी गेला. जनावरापाशी सरळ उकिडवाच बसला. शेतकऱ्याचा पोरगा, त्याला भीती कसली. थोड्या वेळानं मला हाक मारली, अगदी बारीक आवाजात.

"सिकंदर, हे दोरीचं न्हाय रं. दूध हाय. पिल्लं हायत हिची."

म्हटलं, काहीतरीच काय. तो म्हणाला, आमच्या म्हशीचं रेडकू गेलं तेव्हा अशीच व्हती की. आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला वाटलं आता हा विचारणार, तुला ठाऊक होतं का? त्यानं विचारलं नाही. मी हळद वाटून ठेवली होती हेसुद्धा मी त्याला सांगितलं नाही.

तिघी बायकांना कधीच कळलेलं आहे. गल्लीला कळलेलं आहे. नाही कळलं ते मला, कारण मी सर्वसाधारण रूप पाहत होतो.

सोमवार, १७ नोव्हेंबर

अम्माला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग सांगितलं.

चित्तेवानाचा एक नियम आहे. फासात मादी सापडली की आधी तिच्या डोळ्यांवर कांबळं टाकायचं, आणि दोर बांधायच्या आत चित्तेवानानं स्वतः तिच्या पोटाला हात लावून बघायचं. दूध असेल तर फास कापून मोकळी सोडायची. नसेल तर मोठ्यानं सांगायचं, कोरडी. तो शब्द ऐकल्याशिवाय पारधी दोराला हात लावत नाहीत. तिची पिल्लं मेली तर पुढच्या वर्षी झाडाखाली यायला कोण उरणार, असा तो हिशेब आहे. अब्बांच्या वडिलांच्या आधीपासूनचा. अलीकडे दरबारनंही तसा हुकूम काढलाय. हुकूम मोडणाऱ्याला चित्तेखान्यात जागा नाही.

मी विचारलं, मग अब्बांनी काय सांगितलं तिथं? अम्मा म्हणाली, "जनावर इथं आलंय ना?"

बुधवार, १९ नोव्हेंबर

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. साहेबांना खरं सांगितलं तर जागा मला मिळेल. कुणीही देईल, असलं निरीक्षण आहे. आणि अब्बांची भाकरी जाईल. खोटं सांगितलं तर साहेब काही आंधळे नाहीत, ज्ञानूला दिसलं ते त्यांना दिसणारच. मग जागाही गेली आणि अब्बाही गेले.

आज अब्बांना गाठलं. ते बाजेच्या शेजारी सतरंजीवर पडले होते. हल्ली ते तिथंच असतात, आणि ती ओरडायला लागली की हातातला दोर उगीचच उलगडून पुन्हा गुंडाळतात. मी सरळ म्हटलं, हिला परत नेऊन सोडू. त्याच झाडाखाली. मी येतो सोबत. हे बोलताना मला भीतीसुद्धा वाटली नाही, एवढा मी उतावीळ झालो होतो.

अब्बांनी दोर पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "पोचेपर्यंत तिथं काय राहिलं असेल, बाळ?"

आणि मग, न विचारता, बाकीचं. पावसाळ्यानंतरचा सबंध माळ पालथा घातला, एक पाऊल दिसेना. झाडं तशीच, बुंध्यावर जुनी नखं, नवी नाहीत. रिकाम्या हातानं आलं की चित्तेखाना मोडणार अशी बोलवा आहेच. चित्ते आता जहाजानं परमुलखातून आणायचे म्हणतात. पारधी परतायला निघाले होते, आणि त्या पहाटे ती फासात सापडली.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, नुसतं रडू आलं, आणि तेही मी मनीच्या टोपलीपाशी जाऊन उरकलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

ज्ञानूची भीती वाटते. तो वाईट नाही. पण जागा एकच आहे. साहेब आधी कोडोलीला जाणार, तिथं डोहाच्या काठी त्याच्या तोंडून एक वाक्य निसटलं की संपलं. निसटलं तरी त्याचा दोष काय? त्याच्या जागी मी असतो तर? मी असतो तर सांगितलं असतं. हे लिहिलं आणि बरं वाटत नाही.

आज त्याला रस्त्यात गाठून म्हटलं, आमच्या घरचं तुझ्या हातात आहे. तो एकदम चिडला. म्हणाला, "मला काय समजलास तू?" आणि तिरीमिरीत निघून गेला. मी मात्र घरी येईपर्यंत विचार करत होतो, यानं सांगणार नाही असं म्हटलं, की नुसतंच विचारलं?

सोमवार, २४ नोव्हेंबर

चित्तिणीनं आज लाकडी पळीतून थोडं रक्त चाटलं. अब्बा पळी धरून कितीतरी वेळ बसले होते. बायडाबाई म्हणाल्या, "खा गं बाई, खा. खाल्ल्याबिगर कसं व्हायचं?" बोलणं तेवढंच.

दुपारी ती ओरडलीच नाही. मी वाट पाहत होतो. सांजच्याला दोनदा ओरडली, पण मान उचलून ऐकलं नाही.

साहेब गुरुवारी येणार. मोहरमचा चांद दिसायच्या आत उरकायचं म्हणतात, कारण मग पेठेत ताशे सुरू होतील. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. ठरवलं की पाठ करता येईल.

बुधवार, २६ नोव्हेंबर

ठरलं. खरं सांगायचं नाही. साहेबांनी पोटाचं विचारलं तर दोरीचं म्हणायचं, आणि नापास व्हायचं. पाडव्यापासून दोरी धरायची. अब्बांच्या शेजारी उभं राहायचं, भीती वाटली तर वाटली. अम्माला सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या मनाला येईल ते कर. आणि लगेच आत गेली. तिचं तोंड मला दिसलं नाही.

जेवण गेलं नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

झालं. क्रमानं लिहितो.

सकाळी ऊन चढल्यावर सगळे आले. जंगलखात्याचे साहेब, आपल्यापैकीच, पुण्याकडचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. प्रोफेसरसाहेब. शिकारखान्याचे सयाजीराव, नवा पटका बांधून. मागे ज्ञानू; साहेबांनी त्यालाही सोबत घेतलं होतं. अब्बा दोर धरून बाजेच्या उशाशी उभे. तिघी बायका लिंबाच्या पारावर. अख्खी गल्ली भोवती.

आधी सोपं विचारलं. काय खाते, कशी झेप घेते, किती पल्ला पळते. मी सांगत गेलो. जीभ अडखळली नाही. पक्ष्यासारख्या आवाजाचं सांगितलं. साहेबांनी विचारलं, तो कशासाठी? मी म्हटलं, समजलं नाही. बायडाबाई माझ्याकडे बघत होत्या.

मग साहेब म्हणाले, चित्ते कमी का होत चाललेत, आणि टिकवायचे तर काय करावं? मी अब्बांकडे न बघता म्हटलं, दुधाची मादी धरू नये. सयाजीराव लगेच पुढं झाले. आमच्या दरबारचा तसा हुकूमच आहे, म्हणाले. साहेबांनी शांतपणे विचारलं, हुकूम पाळला जातो हे कशावरून? सयाजीराव अब्बांकडे हात करून म्हणाले, चित्तेवान स्वतः पोटाला हात लावून बघतो, ख्वाजाभाईंसारखा जुना माणूस आहे, विचारा की. साहेब अब्बांकडे वळले नाहीत. ज्ञानूकडे वळले. तू पाहिली आहेस हिला?

"व्हय, पाहिली," ज्ञानू म्हणाला.

"मग?"

"सिकंदर सांगंल की. जनावर त्येचं हाय."

साहेब मला म्हणाले, मग तूच हात लावून सांग.

एवढे दिवस मी त्या जनावराला शिवलो नव्हतो. अब्बांनी दोर आखडता घेतला. मी बाजेपाशी गुडघे टेकले. काल ठरवलेलं सगळं डोक्यातून गेलं. हात तिच्या पोटाखाली घातला. लव मऊ होती, खाली फासळ्या लागल्या. सूज नव्हती. ओल नव्हती. मी हात पुढं मागं फिरवला, पुन्हा फिरवला. काहीच नव्हतं, दूध आटलं होतं. तिनं टोपीतून मान किंचित वळवली आणि मागचा पाय वर उचलला, आणि तसाच धरून ठेवला.

"कोरडी," मी म्हणालो.

साहेब म्हणाले, ऐकू आलं नाही.

"कोरडी आहे, साहेब," मी मोठ्यानं म्हणालो. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलं असेल.

साहेब स्वतः वाकले, पाहिलं, मान डोलावली. सयाजीराव हसले. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पारावरून बायडाबाई उठल्या, पाटी उचलली आणि मंडईकडे निघून गेल्या. मी हात काढून घेतला तरी चित्तिणीनं पाय खाली ठेवला नव्हता. अब्बांनी तो हातात धरून हळूच खाली ठेवला.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

जागा मला मिळाली. सर स्वतः घरी सांगायला आले. भीती न बाळगता जनावराला हात घातला, हे साहेबांना आवडलं म्हणे.

मी खोटं बोललो नाही. मी ते पुन्हा पुन्हा तपासून पाहतोय. विचारलं ते मी सांगितलं आणि सांगितलं ते खरं होतं. कोरडीच होती. साहेबांनी स्वतः पाहिलं. खोटं बोलायचं मी ठरवलं होतं, पण बोलावंच लागलं नाही, ही देवाची कृपाच म्हणायची. अब्बांची भाकरी राहिली, माझ्या शिक्षणाचं झालं, दोन्ही. कुणाचंही वाईट झालं नाही.

अम्मानं जिलबी वाटली. बायडाबाईंकडे नेऊन दिली, तर त्यांनी घेतली आणि फडताळात ठेवून दिली.

ज्ञानूची वाट पाहिली. आला नाही. कोडोलीत उसाचं गुऱ्हाळ सुरू झालं असेल.

मंगळवार, २ डिसेंबर

चित्तीण आता व्यवस्थित खाते. सयाजीराव म्हणतात, महिन्या-दोन महिन्यांत शिकारीला निघेल. बायका पुन्हा भांडायला लागल्यात. विठाबाई आणि बायडाबाईंचं आज नळावरनं असं पेटलं की मोहरमचे ताशे ऐकू येईनात. चित्तिणीनं कान हलवला आणि झोपली. माणसाळली. लिंबावर पक्षी ओरडला की मी अजून खाली बाजेकडे बघतो. ती ओरडत नाही.

उद्या सकाळच्या गाडीनं मिरजेला, आणि तिथून पुढं. अम्मानं वळकटी बांधून ठेवलीय. ज्ञानूला निरोप धाडला होता. उत्तर आलं नाही.

सांजच्याला अब्बांनी मला बाजेपाशी बोलावलं. वाटलं, काही उपदेश करतील. पण त्यांनी नुसतंच विचारलं, थंडी फार असते का तिकडे. मी म्हटलं, असते म्हणतात. त्यांनी आपली जुनी धाबळी माझ्या अंगावर टाकली, मग चित्तिणीच्या कमरेचा पट्टा एक भोक सैल केला, आणि माझ्याकडे न बघताच बोलले.

"झाडाखाली मीपण कोरडी म्हणून असंच ओरडलो होतो. आवाजसुद्धा माझ्यासारखाच लागला तुझा."

मला वाटलं ते आणखी काही म्हणतील. पण ते पळी धुवायला नळाकडे गेले, आणि दोर माझ्या हातात राहिला. ते येईपर्यंत मी तो धरून उभा होतो.